केडंब्याचा जागल्या

मराठीत 'धरणे' हे क्रियापद मोठे कामसू आहे. हात धरणे, धीर धरणे, तग धरणे, नेम धरणे, मूळ धरणे, राग धरणे, वेठीस धरणे अशी कितीतरी ओझी ते बिनतक्रार वाहते. आंब्याला मोहोर धरतो, गवंडी ओळंबा धरतो आणि सासरी गेलेली लेक माहेरची वाट डोळ्यांपुढे धरते. मध्यंतरी वर्गात मी मुलांना या क्रियापदाचे वाक्प्रचार गोळा करून आणावयास सांगितले होते. एका मुलीने आपल्या यादीच्या शेवटी लिहिले होते : 'बंदुकीची नळी धरणे.' हा काही कोशातला वाक्प्रचार नव्हे. मी लाल पेन्सिल उचलली, क्षणभर थांबलो आणि खाली ठेवली. मुलीचे वडील आमच्याच जिल्ह्यात पोलीस हवालदार आहेत, हे मला नंतर कळले. तिच्या डोळ्यांपुढे कोण होते हे मात्र त्याच क्षणी कळले होते.

तुकाराम ओंबळे. मुंबई पोलीस दलातील सहायक फौजदार. नेमणूक डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात. २००८ च्या २६ नोव्हेंबरची रात्र.

त्या रात्रीची हकीकत वाचकांना ठाऊक आहे. तरी थोडी उजळणी करतो, कारण वर्षे उलटली की हकीकतीतली माणसे पुसट होतात आणि नुसती तारीख उरते. दहा सशस्त्र माणसे समुद्रमार्गाने मुंबईत उतरली होती. त्यांपैकी दोघांनी बोरीबंदरच्या स्थानकात गाड्यांची वाट पाहत बसलेल्या उतारूंवर गोळ्या झाडल्या. मग ते कामा रुग्णालयाकडे वळले. त्याच्या बाजूच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढे एक स्कोडा गाडी पळवून ते दोघे मरीन ड्राइव्हने निघाले. बिनतारी संदेश सुटला आणि गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग ठाण्याच्या मंडळींनी नाकेबंदी उभी केली. मध्यरात्र उलटून गेली होती. गाडी आली, अडथळ्यापासून काही अंतरावर थांबली, वळू पाहताना दुभाजकावर आदळली. चालवणारा इस्माईल खान पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. दुसऱ्या बाजूने अजमल कसाब उतरला. आता हा शरण येणार असे वाटावे अशी त्याची चाल होती. पण त्याच्याजवळ एके-४७ होती.

सोबतच्या अधिकाऱ्यांकडे पिस्तुले होती. ओंबळ्यांच्या हाती लाठी. ते पुढे झेपावले आणि त्यांनी त्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळ्यांच्या पोटात शिरल्या. पण नळी सुटली नाही. तेवढ्या अवधीत बाकीचे पोलीस कसाबवर तुटून पडले आणि तो जिवंत हाती लागला. ओंबळे वाचले नाहीत.

सारे घडावयास किती सेकंद लागले असतील? मी हा परिच्छेद लिहावयास घेतला त्याहून पुष्कळच कमी.

हा माणूस मूळचा सातारा जिल्ह्यातला, जावळी तालुक्यातील केडंबे गावचा. जन्म १९५४ चा. जावळी म्हटले की इतिहासाच्या पुस्तकातले चंद्रराव मोरे आणि निबिड अरण्य आपल्याला आठवते. पण गेल्या शंभर वर्षांतली जावळी म्हणजे मुंबईला माणसे पुरविणारी जावळी. डोंगरउतारावरची तुटपुंजी शेती, धो धो पाऊस आणि तो थांबल्यावर वर्षभराची चणचण. घरटी एक माणूस मुंबईला हे तिथले जुनेच गणित. कोणी गिरणीत, कोणी माथाडी, कोणी पोलिसात, कोणी पलटणीत. ओंबळे आधी पलटणीत गेले. सिग्नल विभागात नोकरी करून नाईकाच्या हुद्द्यावर निवृत्त झाले आणि १९९१ साली मुंबई पोलिसात शिपाई म्हणून पुन्हा भरती झाले. म्हणजे एक नोकरी पुरी करून, पस्तिशी ओलांडल्यावर, दुसरी नोकरी पहिल्या पायरीपासून. आपल्या मध्यमवर्गात याला 'सेटल' न होणे म्हणतात. गावाकडे याला संसार करणे म्हणतात.

आम्हा कोल्हापूरकरांना अशा मरणांचे फार अप्रूप वाटू नये, अशी आमच्या भूगोलाचीच व्यवस्था आहे. पावनखिंड आमच्या शाहूवाडी तालुक्यात. पन्हाळ्यावर चढताना बाजीप्रभूंचा पुतळा आणि महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशीदाचे स्मारक. खाली गडहिंग्लज तालुक्यात नेसरी. तिथे १६७४ साली प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी शत्रूच्या फौजेवर जाऊन पडले. आमची मुले निबंधात हे दाखले इतक्या सवयीने देतात की पेपर तपासताना पावनखिंड आली की मी पान उलटतो. म्हणून ओंबळ्यांचा विषय निघाला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, ते आजच्या काळातले बाजीप्रभूच," तेव्हा मी मान डोलावली, कारण ही उपमा येणार हे ठरलेलेच होते. पण मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "नाही सर. बाजीप्रभूंना माहीत होते कोणासाठी ते. राजे गडावर पोहोचले की तोफ होणार होती. यांना कुठे तोफ ऐकू येणार होती?"

वर्ग गप्प झाला. मीही झालो. तोफेचे बार होईपर्यंत खिंड लढवणे आणि कोणाची ओळख नाही, कोणाची आज्ञा नाही, कोण वाचणार याचा पत्ता नाही, अशा एका शहरासाठी नळी धरणे, या दोन गोष्टींत थोरली कोणती हा प्रश्नच खुळा आहे. पण त्या वेगळ्या आहेत हे त्या मुलाने बरोबर हेरले होते.

आणखी एक वेगळेपण मला दिसते. बाजीप्रभू, प्रतापराव हे लढवय्ये. समोरच्याला मारणे हा त्यांचा धर्म. पोलिसाचे काम तसे नव्हे. त्याने माणसाला पकडावयाचे असते, कोर्टापुढे उभे करावयाचे असते. पुढचे काम न्यायाधीशाचे. ओंबळ्यांनी कसाबला मारले नाही, धरले. आणि त्या धरण्याचा परिणाम काय झाला? दहांपैकी नऊ त्या तीन दिवसांत मारले गेले. एकशे सहासष्ट माणसांचा जीव घेणाऱ्या कटाचा जिवंत दुवा उरला तो एवढा एकच. या मंडळींच्या खिशात हैदराबादच्या एका कॉलेजची खोटी ओळखपत्रे होती, त्यांवर हिंदू नावे. दहाही जण मेले असते तर त्या खोट्या कागदांवरून किती घोळ माजवला गेला असता याची कल्पनाच केलेली बरी. कसाबवर मुंबईत खटला चालला, त्याला वकील मिळाला, साक्षी झाल्या. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, २०११ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. जवळजवळ चार वर्षे. कित्येकांना हा उशीर खटकला. एवढा खर्च कशाला, असेही लोक गाडीत, कट्ट्यावर बोलत. मला मात्र वाटते की त्या चार वर्षांचा अर्थ ओंबळ्यांच्या हातांनीच ठरवून टाकला होता. ज्याला पोलिसाने प्राण देऊन जिवंत धरले, त्याला कायद्याच्या सगळ्या पायऱ्या चढवूनच न्यावयास हवे होते.

'शहीद' हा शब्द आता मराठीत सर्रास चालतो. शुद्धतेचा अभिमान बाळगणारे आमचे काही स्नेही त्याच्याजागी 'हुतात्मा' घाला म्हणतात. घालावा; चांगला शब्द आहे, अग्नीत आहुती पडल्याचे चित्र त्यात आहे. पण अरबीत 'शहीद' ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ साक्ष देणे. ग्रीकांचा 'मार्टिर' हाही मुळात साक्षीदारच. दोन दूरच्या भाषांना मरणाऱ्यात साक्षीदार दिसावा हे मोठे नवलाचे आहे. ओंबळे कोर्टात साक्षीला उभे राहिले नाहीत. पण ज्याच्यावाचून सारा खटलाच उभा राहिला नसता, त्याला साक्षीदार न म्हणावे तर काय म्हणावे?

गावाची राखण करणाऱ्या माणसाला आपल्याकडे जुने नाव आहे : जागल्या. दिवसा झोपावयाचे, रात्री जागावयाचे. एल्फिन्स्टनने पेशवाई गेल्यावर, १८१९ साली, या मुलखाच्या कारभाराचा जो अहवाल लिहिला, त्यात या राखणदाराचे काम बारकाईने दिले आहे. गावात कोण आले, कोण गेले यावर त्याची नजर. कोणाची चाल संशयाची वाटली तर पाटलाला वर्दी. चोरी झाली तर त्याने चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेवर गेला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली की पुढची जबाबदारी त्या गावची. असा माग शिवेशिवेवरून चालत जाई, आणि जिथे तो निर्विवाद पोहोचे आणि पुढे निघत नसे त्या गावाला चोरीची भरपाई करावी लागे. हे काम कुठे महार करीत, कुठे रामोशी, कुठे भिल्ल. ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले त्यांच्याच हवाली रात्रीचा गाव केला, हा आपल्या समाजाचा एक अजब न्याय! बलुत्याच्या चार पेंढ्या आणि अपमानाचे भारे एवढ्यावर ही माणसे जागत राहिली.

पाटीलकीचे वतन १९६२ च्या कायद्याने गेले. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने आजचा पोलीस पाटील आला. तो मानधनावर काम करतो, गावातच राहतो, भांडणे मिटवतो, आणि बेवारशी प्रेत सापडले तर ठाण्यावर पहिली खबर तोच देतो. जागल्या हा हुद्दा गेला. जागणे मात्र कुठे गेले नाही. केडंब्याचा एक माणूस मुंबईत चौपाटीवर जागत होता.

अशा माणसांची आठवण ठेवण्याची आपली जुनी रीत म्हणजे वीरगळ. शब्द कानडी वळणाचा. 'कल्लु' म्हणजे दगड, वीराचा दगड तो वीरगळ. आम्ही शिवेवरची माणसे, आम्हाला तो परका वाटत नाही. करवीर तालुक्यातील बीड या गावी असे दगड पुष्कळ आहेत. जिल्ह्यात इतरत्रही देवळांच्या आवारात, पारांवर, शेताच्या बांधांवर ते दिसतात. उभ्या शिळेवर खालून वर वाचावयाचे चित्रांचे मजले असतात. तळाशी वीर पडलेला. कित्येकदा शेजारी गाई, कारण गावचे गोधन लुटून नेणाऱ्यांशी लढताना तो मेला. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य : जोवर हे दोघे आहेत तोवर याची कीर्ती. आमच्या एका सहलीत विद्यार्थिनीने विचारले, "सर, याचे नाव काय?" नाव बहुतेक दगडांवर नसतेच. गाई मोजता येतात, माणसाचे नाव सांगता येत नाही. गावकरी शेंदूर लावतात, नारळ फोडतात. एखाद्या ठिकाणी त्याच दगडावर धुणेही आपटले जाते. माझ्या मते तेही वाईट नाही. निदान रोज हात तरी लागतो.

हे सारे लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. पोलिसाच्या मरणावर आपण मराठी माणसे सहजी रडत नाही, आणि त्याला कारणे आहेत. आमच्या गारगोटीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. १९४२ च्या डिसेंबरात कचेरीवर चालून गेलेले सात जण तिथे गोळीबारात पडले. गोळ्या कोणाच्या? पोलिसांच्या. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांच्या गोळ्या झेललेल्यांच्या नावाने. हुतात्मा हा शब्दच आमच्या मनात पोलिसाच्या बंदुकीसमोर उभा आहे. त्यात रोजचा अनुभव. चौकीची पायरी चढताना सरळमार्गी गृहस्थाच्याही छातीत धडधडते, आणि तक्रार नोंदवावयास गेलेला माणूस कधी कधी आपणच आरोपी असल्यासारखा परततो. हा आकस काही एका रात्रीत निर्माण झाला नाही, आणि तो एका माणसाच्या मरणाने जाणारही नाही. पण त्या हवालदाराच्या मुलीने वर्गात एकदा सांगितले, "दिवाळीत बाबा घरी नसतात. पाडव्याला आई त्यांना चौकीवरच ओवाळून येते." ते ऐकताना मला माझ्या शेजाऱ्यांची तक्रार आठवली, की सणासुदीला रस्त्यावर पोलीस फार असतात बुवा!

आणि लाठीचे काय? ओंबळ्यांच्या पराक्रमाचे वर्णन करताना लाठीचा उल्लेख आपण अलंकारासारखा करतो. लाठीने एके-४७ ला अडवले, केवढे शौर्य! शौर्य खरेच, पण त्याच्या हाती लाठीच का होती हा प्रश्न त्या टाळ्यांच्या कडकडाटात विरून जातो. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने २००९ साली आपला अहवाल दिला. शस्त्रे, दारूगोळा आणि सराव यांच्या त्रुटींवर तिने बोट ठेवले. पुढे नवी दले उभी राहिली, नव्या बंदुका आल्या. ते शहरात. तिकडे गडचिरोलीच्या जंगलात १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. आणि गणवेश नसलेल्यांना कोण मोजतो? मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला तेलाची भेसळ चालू असताना पकडली, तर त्यांना तिथेच जाळून मारण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची झेंडावंदने झाली. त्याआधी दोनच वर्षे, २००९ च्या प्रजासत्ताक दिनी, ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले होते.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. १९५९ साली याच दिवशी लडाखात हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले दहा पोलीस पडले. त्यांची प्रेतेही तीन आठवड्यांनी परत मिळाली. जिल्ह्याजिल्ह्याच्या पोलीस मैदानावर त्या सकाळी संचलन होते, बंदुकी उलट्या धरल्या जातात आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर मेलेल्यांची नावे वाचून दाखवितात. यादी लांबते. दुसऱ्या प्रांतांतली अवघड नावे वाचताना वाचणारा अडखळतो, सावरतो, पुढे जातो. तारीख बहुधा दिवाळीच्या आसपासच पडते, कधी तर ऐन दिवाळीत. त्यामुळे आपण तेव्हा कंदिलाच्या कागदांत, नाहीतर चिवड्याच्या पोह्यांत गुंतलेले असतो. मी एकदा गेलो होतो. मैदानाच्या कडेला पंधरावीस नागरिक असतील, त्यांतले निम्मे घरचेच.

ओंबळ्यांचा पुतळा गिरगाव चौपाटीवर आहे. तिथे फिरावयास जाणारे भेळ खाऊन झाल्यावर क्षणभर त्याच्यापुढे उभे राहतात. पण मला स्वतःला त्यांचे जे स्मारक सर्वांत आवडते ते दगडाचे नाही, धातूचेही नाही. २०२१ साली काही संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला नाव दिले 'इसियस तुकारामी'. कोळी म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा नव्हे. हा उडी मारणाऱ्या कुळातला. भक्ष्य टिपण्यासाठी तो जाळे पसरून बसत नाही, दबत जवळ जातो आणि झेप घेतो. आकार एवढा लहान की आपल्या तांदळाच्या दाण्याशेजारी ठेवला तर शोभावा.

नावातल्या शेवटच्या 'ई'ने मला बुचकळ्यात टाकले होते. आमच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी उलगडा केला : ती लॅटिनची षष्ठी आहे. 'तुकारामी' म्हणजे 'तुकारामाचा'. आमच्या षष्ठीचे असे परदेशी भावंड भेटल्याचा मला फार आनंद झाला. मी त्यांना विचारले, "ही नावे पुढे बदलतात का हो?" ते म्हणाले, "पहिला शब्द बदलू शकतो. उद्या कोणी म्हणाले की हा कोळी दुसऱ्याच वंशातला, तर इसियस जाईल. पण दुसरा शब्द सहसा हलत नाही. जिकडे जाईल तिकडे तुकाराम त्याच्याबरोबर जाईल."